सल्ल्याला लेखी उत्तर हवे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले आणि काही तासांत दक्षिण रायगडातल्या आणि दापोली-मंडणगड तालुक्यांतल्या बागा आडव्या करून गेले. आठवडाभराने तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्यासाठी आमच्या वाडीत आले, तेव्हा मीही त्यांच्यासोबत गडगे ओलांडत फिरलो. एका वयस्क काकूंच्या पाच गुंठ्यांच्या आगरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, साठेक पोफळी आणि आठ माड होते. त्यांतल्या चार पोफळी आणि एक माड तेवढा उभा राहिला होता. बाकीची खोडे एकमेकांवर अशी पडली होती की शिंपण्याचा पाट कुठून जात होता तेही दिसत नव्हते. टेप धरून क्षेत्र मोजणे सुरू झाले, तशा काकू म्हणाल्या, "भाऊसाहेब, झाडं मोजा हो. जमीन कशाला मोजताय? जमीन जागच्या जागी आहे." तलाठ्यांना ते पटत होते, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण मदतीचा दर हेक्टरावर ठरलेला होता आणि तो बदलणे त्यांच्या हातात नव्हते.

राज्य शासनाने त्या वर्षी फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली, तीही दोन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत. ही वाढ मोठी होती आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र हाच दर गुंठ्यावर आणला की गुंठ्याला पाचशे रुपये होतात आणि पाच गुंठ्यांच्या आगराला अडीच हजार. पडलेली खोडे तोडून आगर मोकळे करण्याची मजुरीसुद्धा त्यातून भागत नाही. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी हाती यायला पाच ते सात वर्षे लागतात आणि बाणवली माडाला त्याहूनही जास्त. पुढे कोकणातून ओरड झाली, तेव्हा झाडामागे मदत देण्याचा मार्ग राज्यापुरता काढण्यात आला. जे काकूंना पाच मिनिटांत दिसले ते शासनाला ओरड झाल्यावर का दिसावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

या प्रश्नाचे उत्तर तलाठ्याकडे मिळत नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडेही नाही. आपत्तीतल्या मदतीचे निकष केंद्रीय गृह मंत्रालय ठरवते. वित्त आयोगाच्या कालावधीला धरून तज्ज्ञ आणि अधिकाऱ्यांचा गट ते वेळोवेळी तपासतो. विकासासाठी येणाऱ्या मदतीचीही गोष्ट अशीच आहे. ती केंद्राची असो, राज्याची असो वा जागतिक बँकेसारख्या संस्थेची, पैसा कुठे जावा, कशावर खर्च व्हावा आणि यश कोणत्या एककात मोजावे हे आधी कुठल्या तरी समितीच्या बैठकीत ठरते. निवडणुकीच्या सभांत या समित्यांचा उल्लेख होत नाही आणि वर्तमानपत्रात त्यांना एखादी बातमी मिळाली तर मिळते. तरीही गावातल्या आगराचे, बंदरातल्या होडीचे आणि डोंगरावरच्या कलमांचे भवितव्य त्यांच्या शिफारशींवर बरेचसे अवलंबून असते. म्हणून त्या कशा नेमल्या जातात, कोणाशी बोलतात आणि त्यांच्या सल्ल्याचे पुढे काय होते, याकडे आपण कोकणातल्या माणसांनी बारकाईने पाहिले पाहिजे.

एककाचीच गोष्ट पुढे नेतो. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली राज्याच्या प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिने अहवाल दिला. राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याची तूट म्हणजे अनुशेष, अशी ती पद्धत होती. राज्याचा एकूण अनुशेष तिने ३,१८६ कोटी रुपयांच्या घरात काढला. त्या काळी हे मोठे काम होते, कारण तोवर मागासलेपणाची चर्चा भावनेवर चालत होती आणि समितीने तिला आकड्यांचा पाया दिला. पण पुढे अनुशेषाच्या मोजणीत सिंचनासाठी जे परिमाण रुळले ते 'रब्बी ज्वारी समतुल्य' क्षेत्राचे, म्हणजे कुठल्याही पिकाचे पाणी रब्बी ज्वारीच्या हिशेबात बदलून मोजायचे. ज्या कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मार्च उजाडला की विहिरी तळ गाठतात आणि कोणाच्या शेतात ज्वारीचे ताट दिसत नाही, तिथली पाण्याची गरज ज्वारीच्या मापाने मोजली गेली. उतारावरच्या आंब्या-काजूच्या कलमांना पहिली तीन वर्षे घागरीने पाणी घालणाऱ्या शेतकऱ्याची तूट त्या मापात नीट पकडली जाणे अवघडच होते. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, त्यांतही कोकणाला स्वतंत्र मंडळ मिळाले नाही. 'उर्वरित महाराष्ट्र' या नावाखाली रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे पुणे-कोल्हापूरच्या पंगतीला बसवले गेले. २०२० च्या एप्रिलअखेर या मंडळांची मुदतही संपली. यात समितीच्या हेतूबद्दल मला शंका नाही. माप चुकले की प्रामाणिक माणसाकडूनही चुकीचे वाटप होते, आणि माप बरोबर आहे का हे तपासण्यासाठी ज्याचे मोजायचे आहे त्याच्याकडेच जावे लागते.

बाहेरून आलेल्या मदतीचा आपल्या किनारपट्टीवरचा सर्वात मोठा धडा केरळात मिळाला. १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रे, नॉर्वे आणि भारत यांच्यात करार झाला आणि पुढच्या वर्षी कोल्लमजवळच्या गावांत इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. गरीब मच्छीमारांना यांत्रिक होड्या, बर्फ, पिण्याचे पाणी आणि आरोग्यकेंद्र द्यावे, म्हणजे त्यांचे जीवनमान उंचावेल, असा तज्ज्ञांचा आराखडा होता. साठच्या दशकात या प्रकल्पाचा विस्तार कारवारपर्यंत आला. मासे किती मिळतील याचा हिशेब तज्ज्ञांनी मांडला होता. होडी कोणाच्या मालकीची होईल याचा हिशेब मात्र कच्चा राहिला. परदेशात कोळंबीला भाव मिळू लागताच समुद्राशी संबंध नसलेल्या भांडवलदारांनी ट्रॉलर, म्हणजे तळावरून जाळे ओढणाऱ्या यांत्रिक होड्या, घेतले आणि ज्यांच्यासाठी मदत आली होती ते पारंपरिक मच्छीमार आपल्याच किनाऱ्यावर मागे पडले. पुढे केरळात संघर्ष पेटला. एकाच प्रश्नासाठी १९८० च्या दशकात तीन समित्या बसल्या आणि अखेर १९८८ मध्ये पावसाळी ट्रॉलिंगवर बंदी आली. मदत सुरू झाल्यापासून तिच्या परिणामांची दखल घेईपर्यंत पस्तीस वर्षे गेली.

आपल्याकडे तोच प्रश्न पर्ससीनच्या रूपाने आला. हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा कुठल्याही बंदरावर जा, पारंपरिक मच्छीमारांच्या तोंडी पर्ससीनचा विषय निघतोच. थव्याभोवती जाळे फिरवायचे, खालून आवळायचे आणि अख्खा थवा उचलायचा, अशी ती पद्धत आहे. बांगडा-तारलीचा हंगाम तिने एका रात्रीत संपू शकतो. राज्य शासनाने डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि तिने २०१२ मध्ये अहवाल दिला. पर्ससीन परवाने कमी करा, मासेमारीचा काळ आणि क्षेत्र बांधून घ्या, हा त्या अहवालाचा आशय होता. त्यावर आदेश निघाला तो ५ फेब्रुवारी २०१६ रोजी. मधली चार वर्षे शासन शिफारशी तपासत होते की कोणाच्या तरी दबावाखाली होते, हे आजही आपल्याला निश्चित सांगता येत नाही, कारण त्या काळात अहवालाला कलमवार जाहीर उत्तर कोणी दिलेच नाही. 'आम्हाला हे मान्य आहे, हे मान्य नाही, आणि मान्य नाही ते या कारणासाठी' एवढे एक कागद सांगू शकला असता. चार पावसाळ्यांत लहान होडीवाल्याने किती गमावले याची नोंद कुठेही नाही.

पश्चिम घाटाच्या बाबतीत तर अहवालच दडवला गेला. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला अहवाल दिला. माहितीच्या अधिकारात तो मागितला गेल्यावर मंत्रालयाने नकार दिला. केंद्रीय माहिती आयोगाने तो खुला करायला सांगितले, मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथेही हरले आणि मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. गंमत म्हणून नव्हे, पूर्ण गांभीर्याने लिहितो की ज्या अहवालाचा गाभाच 'संवेदनशील क्षेत्राच्या सीमा आणि नियम ग्रामसभांशी बोलून ठरवा' असा होता, तो वाचण्याची संधी ग्रामसभांना न्यायालयाच्या आदेशानंतर मिळाली. मधल्या नऊ महिन्यांत अफवांनी आपले काम केले होते. 'घराला कौल घालता येणार नाही', 'आंब्याला खत टाकता येणार नाही' अशा गोष्टी सिंधुदुर्गात कानोकानी पसरल्या होत्या, आणि ज्यांनी अहवाल उघडूनही पाहिला नव्हता ते त्याविरुद्ध सभा घेत होते. पुढे डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा कार्यगट बसला. त्याने उपग्रहाच्या प्रतिमांवरून घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. दहा वर्षे मसुद्यातच राहिलेल्या निर्णयामुळे ना डोंगर सुरक्षित झाला, ना गावकऱ्याला आपल्या जमिनीचे उद्या काय होणार हे कळले. जांभ्याच्या खाणीवाल्याला आणि जंगल तोडून प्लॉट पाडणाऱ्याला मात्र या अनिश्चिततेचा काडीचा त्रास झाला नाही.

समितीवर अविश्वास दाखवण्याचा माझा हेतू नाही, कारण सल्ला आणि मदत यांची सांगड नीट बसली की काय घडते तेही कोकणाने पाहिले आहे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या जाती दिल्या, विद्यापीठाने कलमांचे तंत्र सोपे केले, आणि १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आणली, तेव्हा शेतकऱ्याच्या हातात सल्ला, अनुदान आणि कलम या तिन्ही गोष्टी एकाच हंगामात पडल्या. वरकस जमिनीवर, जिथे नाचणी-वरी पिकवून जेमतेम पोट भरत होते, तिथे आज आंबा-काजू उभा आहे. या सल्ल्याला यश आले, कारण सल्ला देणारा माणूस त्याच मातीत काम करत होता आणि कलम मेले तर शेतकरी दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन जाब विचारू शकत होता. या यशाचीही दुसरी बाजू आहे: काजूसाठी डोंगरच्या डोंगर साफ झाले आणि हापूसच्या एकाच पिकावर इतका भार पडला की एखाद्या वर्षी मोहोर जळाला तर घर कोलमडते. पण ही बाजूही आपल्याला ठाऊक आहे, ती आपण त्याच विद्यापीठाच्या शिवारफेरीत उभे राहून सांगू शकतो, आणि सुधारणा तिथून सुरू होऊ शकते.

सिंधुदुर्गातही अशी सांगड बसली, पण उशिरा. १९८७ मध्ये मालवणच्या समुद्रात सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. शास्त्राच्या दृष्टीने ती निवड योग्यच होती, तिथली प्रवाळे आणि कांदळवने जपण्यासारखीच आहेत. पण मच्छीमारांना विश्वासात न घेता रेघ ओढली गेली आणि 'अभयारण्य' हा शब्द मालवणात वर्षानुवर्षे भांडणाचा विषय झाला. नंतर जागतिक पर्यावरण सुविधेच्या निधीतून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने याच किनाऱ्यावर प्रकल्प घेतला, तेव्हा भाषा बदलली होती. या निधीचे स्वतंत्र वैज्ञानिक आणि तांत्रिक सल्लागार मंडळ असते आणि मोठ्या प्रकल्पांचे प्रस्ताव त्याच्या नजरेखालून जातात. संवर्धन आणि उपजीविका एकत्र बांधण्याची दृष्टी या प्रकल्पात दिसली. खेकडापालन आले, वेंगुर्ल्याच्या खाडीत बचत गटाच्या बायकांनी होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवायला सुरुवात केली, आणि ट्रॉलच्या जाळ्याच्या टोकाला चौकोनी आसाची, म्हणजे चौकोनी भोकांची, जाळी लावून पाहण्यात आली.

हा आस मी जवळून पाहिला आहे. नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्यासारखा असतो. जाळे पाण्यातून ओढले की ताणाने तो मिटतो आणि बोटभर पिल्लूही त्यातून सुटत नाही. ४० मिलिमीटरचा चौकोनी आस ताण आला तरी उघडा राहतो आणि लहान मासा निसटून जातो. शास्त्रज्ञाने हे कागदावर सांगितले असते तर तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, हसून सोडून दिले असते. ते त्याच्याच ट्रॉलरवर लावून दाखवले आणि ओढीनंतर डेकवर पडलेल्या माशांचा ढीग दोघांनी मिळून पाहिला, तेव्हा बोलणे सुरू झाले. २०१८ मध्ये हरित हवामान निधीने आंध्र, महाराष्ट्र आणि ओडिशाच्या किनारी लोकांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले, त्यात सिंधुदुर्गही आहे. या निधीचीही स्वतंत्र तांत्रिक समिती प्रस्ताव तपासते आणि मगच तो संचालक मंडळापुढे जातो. त्या तपासणीचा कागद जगाला संकेतस्थळावर वाचायला मिळतो. देवबाग-तारकर्लीच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो मराठीत लागावा, एवढेच माझे मागणे आहे.

सल्लागार स्वतंत्र असला तर काय करू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवर आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. विस्थापितांच्या तक्रारी वाढल्यावर बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांचा स्वतंत्र आयोग नेमला. तो खोऱ्यातल्या गावांत हिंडला, अक्राणी-अक्कलकुव्याच्या भागातल्या आदिवासींचे म्हणणे त्याने ऐकले आणि जून १९९२ मध्ये, ज्या बँकेने त्याला नेमले होते तिच्याच कारभारावर कडक ठपका ठेवणारा अहवाल दिला. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने बाधित लोकांना थेट तक्रार करता यावी म्हणून तपासणी मंडळ स्थापन केले. धरणाबद्दल आजही दोन मते असू शकतात. पण नेमणाऱ्याला न आवडणारे लिहिण्याचे बळ आयोगाकडे होते आणि ते लिहिलेले छापले गेले, हे महत्त्वाचे आहे.

ब्रिटनने २०११ मध्ये आपल्या परदेशी मदतीवर देखरेखीसाठी स्वतंत्र आयोग नेमला, तेव्हा त्याला मंत्र्याऐवजी संसदेच्या समितीला उत्तरदायी केले आणि प्रत्येक शिफारशीवर मान्य, अंशतः मान्य की अमान्य असे सरकारने लेखी सांगावे अशी प्रथा पाडली. नेदरलँड्समध्येही सल्लागार मंडळाच्या अहवालावर सरकारने संसदेपुढे आपली भूमिका मांडायची असते. आपल्याकडे चौकशी आयोगाच्या कायद्यात अहवाल सहा महिन्यांत कृती अहवालासह सभागृहापुढे ठेवण्याची तरतूद आहे. धोरणविषयक तज्ज्ञ समित्यांना तशी काही मुदत नाही. डॉ. विजय केळकर यांच्या समितीचा प्रादेशिक समतोलावरचा अहवाल ऑक्टोबर २०१३ मध्ये तयार झाला आणि विधिमंडळापुढे आला डिसेंबर २०१४ मध्ये. त्या चौदा महिन्यांत एक अर्थसंकल्प आणि दोन निवडणुका होऊन गेल्या.

यावर हमखास घेतला जाणारा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो वजनदार आहे. तज्ज्ञांना कोणी निवडून दिलेले नसते. त्यांचा शब्द शासनाला बांधून ठेवू लागला तर मतदाराने निवडलेल्या प्रतिनिधीने करायचे काय? माझे म्हणणे असे आहे की सल्ला मानण्याचे बंधन कोणावरही नको. मंत्र्याने शिफारस फेटाळावी, त्याला तो अधिकार आहे, आणि कधी कधी फेटाळणेच शहाणपणाचे असते. कस्तुरीरंगन गटाच्या नकाशात ज्या गावांची नोंद चुकली, त्या गावांच्या बाजूने लोकप्रतिनिधींनी उभे राहणे योग्यच होते. बंधन हवे ते उत्तराचे. अहवाल हाती आल्यापासून तीन महिन्यांत तो प्रसिद्ध व्हावा, त्याचा मराठी अनुवाद मूळ अहवालाइतकाच पूर्ण असावा, आणि सहा महिन्यांत प्रत्येक शिफारशीपुढे शासनाचे उत्तर कारणासह छापले जावे. एका शासन निर्णयाने हे होऊ शकते. त्यासाठी नवे खाते लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही.

मराठीचा आग्रह मी अस्मितेपोटी धरत नाही. काही वर्षांपूर्वी किनाऱ्याच्या धूपप्रतिबंधक कामाबद्दल आमच्याकडे शाळेच्या वर्गात बैठक झाली. सल्लागार संस्थेच्या तरुणाने पडद्यावर इंग्रजीत सादरीकरण केले, लाटांची उंची आणि दगडांचे वजन सांगितले, आणि शेवटी कोणाला काही विचारायचे आहे का असे विचारले. कोणी काही विचारले नाही. हजेरीच्या कागदावर सह्या झाल्या आणि पुढच्या कागदांत 'ग्रामस्थांशी सल्लामसलत पूर्ण' अशी नोंद पडली. बैठक संपल्यावर बाहेर व्हरांड्यात एक म्हातारे तांडेल मला म्हणाले, "बाबा, हा दगड टाकला तर समुद्र पलीकडच्या वाडीतली वाळू खणेल. होड्या ओढायच्या कुठे?" त्या दिवसातला सर्वात कामाचा तांत्रिक प्रश्न तोच होता, आणि तो विचारायला लागणारी भाषा त्या खोलीत नव्हती.

आता पुन्हा काकूंच्या आगरात येतो. २०२० च्या पावसाळ्यानंतर त्यांनी श्रीवर्धनी रोठा सुपारीची रोपे लावली, मधल्या जागेत केळी घातल्या आणि पाट पुन्हा मोकळा केला. केंद्राच्या निकषांची पुढची आवृत्ती २०२२ मध्ये आली. तिच्यात बहुवार्षिक पिकांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून २२,५०० रुपये झाली. एकक मात्र हेक्टरच राहिले. त्या निकषांचा कालावधी २०२५-२६ पर्यंतचा ठरवला होता. पुढचे निकष ठरवणाऱ्या गटाकडे कोकणातल्या ग्रामपंचायतींनी आणि बागायतदारांच्या संघांनी आपले म्हणणे आताच लेखी पाठवावे: पोफळ, माड आणि आंब्या-काजूच्या कलमांची मदत झाडावर मोजा, झाडाचे वय धरा, आणि हे मान्य नसेल तर का नाही ते आम्हाला मराठीत कळवा.